चेडोबाचं गवत

अंबरनाथचं शंकराचं देऊळ मागे पडून बराच वेळ झाला होता, आणि उमाच्या चपलेचा अंगठा तुटला तो नेमका बदलापूरची वाट अर्धी उरली असताना. शिवरात्रीचा उपास, पोटात मूठभर शेंगदाणे आणि डोक्यावर ऊन.

"टाका ती चप्पल," कौसाबाई म्हणाली. "आमच्या म्हशीबी तुमच्यापरीस बेगीन चालतात."

"म्हशींना उपास नसतो, कौसाबाई."

"मंग त्यांना पुण्यबी नाय!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

कौसाबाई बदलापूरजवळच्या कात्रपची. नवरा, नाथा, जाऊन बरीच वर्षं झालेली. दिवाळी सरली की शिमग्यापर्यंत तिचा विळा खाली बसत नसे. लोकांची माळरानं कापायची, पेंढ्या बांधायच्या, त्या निर्वासितांच्या कॅम्प चारमधल्या सिंधी तबेलेवाल्यांकडे जायच्या. उमाच्या नवऱ्याने, अंबरनाथच्या कारखान्यात कारकून असलेल्या श्यामकांतने, कात्रपबाहेर मोकळ्यावर कौलारू घर बांधलं, तेव्हा अंगणात छातीएवढं गवत होतं. पहिल्याच आठवड्यात कौसाबाई दारात येऊन उभी राहिली. "वैनी, ह्ये गवत न्हवं, ही उभी आग हाय. पावसात साप आन् उन्हात आग." मग तिनेच सगळी जागा बोडकी केली.

राहिला तो फक्त स्वयंपाकघरामागचा तुकडा. तिथे शेंदूर फासलेला एक दगड होता, चेडोबा. त्याच्याभोवतीचं गवत शेताच्या बांधापासून थेट न्हाणीच्या कुडाला टेकलेलं. त्याला कौसाबाई हात लावेना. देवाच्या गवताला लोखंड लावायचं नाही, ही गावची रीत. तिच्या सासऱ्याने एकदा लावलं होतं. त्याच साली त्याला पान लागलं, साप चावला, आणि सकाळ उजाडायच्या आत सगळं आटोपलं. उमाने हे ऐकून हात जोडले. देवाचं ते देवाकडे, असंच तिच्याही माहेरी होतं. ती रोज तिन्हीसांजेला तिथे दिवा ठेवी आणि गवत वाढत राही.

ओढा ओलांडून चढण चढली आणि कौसाबाईचं हसणं मध्येच थांबलं. नाक वर करून ती उभी राहिली.

"वैनी, वास येतो?"

उमाला आधी काही कळलं नाही. मग तिने समोर पाहिलं. कात्रपच्या अंगाला धूर होता. चुलीचा नव्हे, पिवळट आणि रुंद, जमिनीलगत सरकणारा.

"कुनीतरी राब भाजाया घेतला आसंल," कौसाबाई म्हणाली. भाताच्या रोपाची जागा शेण-पाचोळा घालून भाजायची, हे दर सालचंच. पण तिचा आवाज निराळा होता. "आन् वारा बगा कसा सुटलाय. कुटं भाजतात ह्ये?"

"आपल्या मागच्या शेतात असेल?"

कौसाबाईने पदर खोचला. चालू लागली, आणि लगेच पळू लागली.

उमाही धावली. घरी तिची लेक मीनल होती, जेमतेम पाऊल टाकणारी. सासूबाईंना ऐकू कमी येई. दुपारी नातीला कुशीत घेऊन, आतून कडी लावून त्या निजत. 'शंभो, शंभो,' एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. चपला कुठे पडल्या, तिला ठाऊक नाही.

"माजी गाय जळली व्हती," कौसाबाई पळता पळता, मागे न बघता बोलली. "गवताची गंजी पेटली, शेजारीच गोठा. दावं सोडाया गेले, तर गाठ सुटंना. ती माज्याकडं बगत व्हती, वैनी. वरडत न्हवती. नुसती बगत व्हती."

"नका सांगू! कौसाबाई, नका सांगू!"

घर दिसलं. उभं होतं. पण मागच्या बांधावर आग आली होती, तडतडत, वाऱ्याबरोबर झेपा टाकत. उमाने दारावर दोन्ही हात आपटले. "आई! कडी काढा! आई!" आतून काही नाही. खिडकीच्या गजातून तिने अंगणातली काठी घालून ताटली पाडली, तेव्हा सासूबाई दचकून उठल्या. "कोण मेलं दार बडवतंय?" कडी निघाली. मीनलला काखेत मारून आणि सासूबाईंचा हात धरून उमाने दोघींना रस्त्यापलीकडे आंब्याखाली बसवलं आणि ती मागे धावली.

कौसाबाई चेडोबासमोर उभी होती. पडवीत ठेवलेला तिचाच विळा हातात होता. एकीकडे दगड, एकीकडे आग.

"कौसाबाई, मी हाताने उपटते!"

"हातानं कवा हुयाचं?" ती ओरडली. डोळे मिटून तिने दगडाकडे मान झुकवली. "देवा, गाठ सुटंना रं," म्हणाली, आणि विळा घातला.

मग ती थांबली नाही. न्हाणीच्या कुडाकडून ती कापत सुटली, उमा कापलेलं कवेत घेऊन लांब फेकत होती, खुंट उपटत होती, न्हाणीतलं पाणी ओतत होती. आग आली. देवाच्या दगडाला वेढा घालून पुढे सरकली, मोकळ्या ओल्या मातीशी आली आणि तिथे घुटमळून बसली. न्हाणीच्या कुडाचं एक टोक करपलं, तेवढंच.

शेंदूर काळा पडला होता. कौसाबाई मातीत बसली. तळहात फाटले होते, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. आपल्याच पायांभोवतीच्या राखेकडे ती टक लावून बघत होती, जणू त्यातून काही सरपटत येणार होतं. उमाने पाणी पुढे केलं, तर तिने तिचं मनगटच धरलं. बोटं गार पडली होती.

"वैनी, माजं येक काम करा. तुमी रोज दिवा लावता, तुमचं त्यो ऐकंल. आज लावशाल तवा सांगा त्याला, इळा कौसानं घातला. वैनीनं नाय, पोरीच्या घरातल्या कुनी नाय. आन् दर साली दिवाळी सरली का ह्ये गवत कापाया मलाच बोलवा. दुसऱ्या कुनाला नको. दोष लागायचा त्यो लागलाच हाय, त्यो माज्या येकटीच्या हातावर ऱ्हाऊ द्या."