साहेबाच्या कोनाड्यातले देव

इंग्रज देश सोडून गेले आणि माझ्या सासऱ्यांनी कागलच्या वाटेवरचं एका साहेबाचं शेतघर विकत घेतलं. लग्न होऊन मी त्याच घरात आले. घर कसलं, नुसता लालभडक विटांचा ढीग! भिंतींना बाहेरून गिलावाच नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या की साहेबानं घर नागडंच ठेवलंय. पुढं बसाउठायला सोपा नाही, मागं परडं नाही. छप्पर मात्र असं उभ्या उताराचं, की कोल्हापुरात जणू बर्फच पडणार होता.

देवघरही नव्हतं. पण मोठ्या खोलीच्या भिंतीत कमरेएवढा कमानीचा कोनाडा होता, वर दगडी फळी. सगळ्यांना वाटलं, आयतं मखरच मिळालं. आत्याबाईंनी तो शेणानं सारवला आणि देव तिथं मांडले.

सांजवात नव्या सुनेनं लावायची. मी लावायची आणि पाठ वळते न वळते तोच दिवा विझायचा. रोज नाही, पण वरचेवर. सुनेचा पायगुण बरा नाही, असं आत्याबाई आधी पुटपुटल्या. मग म्हैस आटली तेव्हा चारचौघींत बोलल्या. सासरे मला माहेरी धाडायचं म्हणू लागले. अशी धाडलेली पोर परत आणत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला तर संशय, म्हातारीच फुंकर मारते. ती माझ्या हाताकडे बघायची आणि मी तिच्या तोंडाकडे.

मग मी चार दिवस बाजूला बसले. दिवा आत्याबाईंकडे गेला. मी बाहेरून खिडकीशी टपूनच होते. दिवा विझला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, गुपचूप पुन्हा पेटवला आणि घरात कुणाला चकार शब्द सांगितला नाही. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

न्हाऊन घरात आले आणि देव घासायला काढले, तर त्यांच्यावर काजळी. कोनाड्यात डोकं घालून वर बघितलं तर आभाळ दिसलं. आमच्या गुऱ्हाळाला असतं तसं धुराडं होतं ते. साहेब तिथं शेकोटी पेटवायचा, आणि आम्ही त्याच्या चुलीत देव बसवले होते! वरून वारा आला की दिवा जायचा.

आत्याबाईंना हाताला धरून आणलं आणि वाकून बघायला लावलं. म्हटलं, "तुमच्या हातनंबी दिवा इझलता की. मी बघितलंय. मग गप का बसलासा?"

त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि पदरानं कपाळावरची काजळी पुसली.

"तुला म्हायेर तरी हाय," त्या म्हणाल्या. "मला कुठं धाडलं असतं?"