आम्ही धूर मोजायचो

हवा मोजायच्या नोकरीत मी दोनच गोष्टी कमावल्या, खोकला आणि किस्से. खोकला औषधाने बसतो. किस्से मात्र चार जुने लोक भेटले की वर येतात, आणि त्यांच्याबरोबर रागही येतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. प्रदूषण खात्याच्या धुळ्यातल्या लहानशा ऑफिसात मी केमिस्ट. जोडीला सावद्याचा सुधाकर, आणि आमच्या डोक्यावर साहेब.

*

शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या चिमणीची तक्रार आली. आम्ही जीपने पोचलो तर चिमणी गार.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, नेमका आजच मेंटेनन्स आहे."

पुढच्या खेपेलाही मेंटेनन्स. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

सुधाकर भडकला. "साहेब, आपण निघायच्या आधी त्यांना फोन जातो."

साहेब शांतपणे म्हणाले, "मग चांगलंच आहे की. आपण नुसतं गेलो तरी प्रदूषण थांबतं."

*

म्हणून एकदा न सांगता एसटीने गेलो. चिमणी काळा धूर ओकत होती. मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. "वर शिडीने जावं लागतं. साडी नेसून कशा चढणार?"

मी पदर खोचला आणि चढले. तापलेल्या पत्र्याने हात भाजले, पण नमुना घेतला. मशीनमधला पांढरा फिल्टर डांबरासारखा काळा झाला होता.

साहेबांनी तो उजेडात धरून पाहिला. "एसटीने आणलात ना? मग हा एसटीचा धूर."

त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

*

पुढे सुधाकरला मुंबईच्या गोदीत पाठवलं, जहाजांचा धूर मोजायला. तिथली पद्धत साधी. राखाडीपासून काळ्यापर्यंत चौकोन छापलेलं कार्ड समोर धरायचं आणि धूर कोणत्या चौकोनाशी जुळतो ते बघायचं. एका परदेशी जहाजाचा धूर शेवटच्या, सगळ्यात काळ्या चौकोनाशी जुळला.

जहाजाचा एजंट म्हणाला, "जहाज बाहेरच्या देशाचं आहे. तुमचे नियम त्याला लागत नाहीत."

धक्क्यावर गोण्या उचलणारी माणसं तोंडाला फडकी बांधून खोकत होती. सुधाकर म्हणाला, "मग धूरही तुमच्या देशात जाऊन सोडा."

दुसऱ्याच दिवशी त्याची धुळ्याला रवानगी झाली. जहाज तिथेच उभं होतं.

*

त्याच वर्षी हिवाळ्यात दगडूनाना ऑफिसात आले. त्या चिमणीच्या कारखान्याला लागूनच त्यांचं शेत. टोपलीत नुकताच वेचलेला कापूस होता, काजळीने माखलेला.

"हाऊ मना वावरना कापूस शे. येपारी हात लावत नही. तुम्ही मोजतस तरी काय?"

साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "नाना, कापूस आमच्या पद्धतीत बसत नाही. मशीनचाच नमुना लागतो."

नाना टेबलाला वळसा घालून गेले, टोपलीतला मूठभर कापूस उचलला आणि साहेबांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत घासला.

"साहेब, आते तुमनी पद्धतमा बसना का?"