खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. भाचा जिना चढून आला आणि नुसतं "आत्या..." म्हणाला. त्याला महिना होत आला. रडून झालंय, पण एका गोष्टीचा राग काही जात नाही, म्हणून लिहायला बसलेय.

महायुद्ध संपलं, कल्याणची छावणी रिकामी झाली आणि तिथल्या मोडक्या गाड्या लिलावात निघाल्या. दादा छावणीतच गाडी चालवायला शिकलेला. त्यानं एक लष्करी ट्रक घेतला. स्टिअरिंग डावीकडे, बॉनेटवर पांढरा तारा, इंजिन ठप्प! बैल जुंपून तो ठाकुर्लीला आमच्या घरी ओढत आणला आणि सरळ गोठ्यात घातला. बैल बाहेर, ताडपत्रीखाली. आमचा बा म्हणजे जमदग्नी. म्हणाला, "दिवाळीपरेंत ह्ये धूड हललं तर ठीक, नायतर भंगारवाल्याला देईन." दादाला मानपाड्याकडचं गवत भरून मुंबईच्या तबेल्यांना पोचवायचं होतं. स्वतःची गाडी, स्वतःचा धंदा... झोपेतही तेच बरळायचा.

पावसाळाभर तो गोठ्यात. अंगाला रॉकेलचा वास, नखं काळी. इंजिनाचं पुस्तक कुठून असणार? त्यानं आपली युक्ती काढली. जे आधी उघडलं ते दारापाशी, त्यानंतरचं त्याच्या पुढे, अशी गोणपाटांवर गव्हाणीपर्यंत रांग लावली. दिसायला सगळे व्हॉल्व्ह सारखे, पण प्रत्येक आपापल्या जागी घासून बसलेला. जागा बदलली की इंजिन धरत नाही, असं तो मला समजवायचा. रांग उलटी लावत गेलं की गाडी तयार, इतकं सोपं. दसऱ्याला जोडणी सुरू करायची, म्हणून आम्ही दोघं कल्याणला जाऊन सामान घेऊन आलो. तो दिवस खंडेनवमीचा.

आये दारातच उभी. चेहरा असा फुललेला! "बघ रं पोरा, देवाच्या भांड्यावानी केलंय." शस्त्रपूजेसाठी तिनं गोठा सारवलेला आणि इंजिनाचा तुकडान् तुकडा राखेनं घासून, तेल चोळून, एकाच मोठ्या टोपलीत रचलेला. गोणपाटांवरची रांग नाहीशी. वर हळदकुंकू, झेंडू. माझ्या तोंडून "आये, अगो काय केलंस..." निघालंच होतं. दादानं माझा दंड असा दाबला की कळ आली. म्हणाला, "लय भारी केलंस आये." आणि टोपलीला वाकून नमस्कार केला. मग विहिरीमागं जाऊन बसला. मी गेले तर म्हणाला, "बाला कळलं तर तो तिला मरेपर्यंत बोलत राहील. तू गप ऱ्हा."

दिवाळीपर्यंत त्यानं जिवाचं रान केलं. लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. इंजिन एकदा खोकलं, धूर सोडला, बंद पडलं. पाडव्याच्या सकाळी बानं विचारलं, "काय झालं रं?" मी दादाकडं बघत होते. बोल, मेल्या, बोल! एक वाक्य बोलला असता तर बानं अजून मुदत दिली असती. तो म्हणाला, "नाय जमलं मला." त्याच आठवड्यात भंगारवाला आला.

पुढं दादा जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवत राहिला. घाटात बंद पडलेली इंजिनं उघडून रस्त्यावर जोडायचा, मालक लोक नावाजायचे. आणि आये? ती आल्यागेल्याला सांगायची, "मी येवढं लख्ख करून दिलं, तरी याला जोडता नाय आलं!" सगळे हसायचे. दादाही हसायचा. मी चुलीपुढं धुमसत बसायची.

आये जाऊनही किती वर्षं लोटली. गेल्या श्रावणात त्याच्याकडे गेलेले, तेव्हा म्हटलं, "दादा, आता तरी पोरांना खरं सांग की." खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "नको गो. तिला कळंल." मला हसावं की रडावं कळेना.

तेराव्याला त्याच्या मुलानं तोच किस्सा सांगितला. आजीनं धुऊन दिलेलं इंजिन अण्णांना, म्हणजे दादाला, जोडता आलं नाही! पंगत हसली. आणि मी हातातला घास ठेवला, सगळं सांगून टाकलं. वाढणारे वाढायचे थांबले.

दादा, तुझा शब्द मोडला. आयेला कळलं असेल आता. रडत असेल. पण आता तू आहेस ना तिथं... तिला सांभाळ.