अनोळखी माणसाची ओळख

मित्रांनो, माझा एम.कॉम.चा प्रबंध बोगस खात्यांवर आहे. आज माहितीसाठी आमच्या पतसंस्थेत गेलो होतो. मॅनेजर म्हणाले, "नवं खातं उघडताना जुने खातेदार ओळखदार म्हणून अनोळखी माणसासाठी सही करतात, तिथनंच घोळ सुरू होतो."

तेवढ्यात कागलहून वॉचमनच्या नोकरीसाठी आलेले एक काका खातं उघडायला आले. शहरात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

मॅनेजर मलाच म्हणाले, "तुमचं खातं हाय की हितं. करा सही!"

"मी यांना ओळखत नाही."

"म्या समोर हुबा हाय की," काका म्हणाले. "खातं न्हाय तर पगार न्हाय, पावणं."

सही न करताच मी बाहेर पडलो. काका मागोमाग आले. "चला, च्या पिऊ. मग तरी वळखशिला?"

चहा प्यायलो, पैसेही त्यांनीच दिले. उद्या ते सहीसाठी पुन्हा पतसंस्थेत येणार आहेत.

आता मी त्यांना ओळखतो का?