मधली चार मिनिटं

आमच्या धाराशिवात जुने चित्रपट दाखवणारं एक मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वीसेक माणसं जमतात. मी तिथं दोन वर्षं लॅपटॉप लावायचं काम केलं. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, आणि लॅपटॉपमागं बसलं की कुणी मत विचारत नाही. शिवाय माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळं मला मराठी सिनेमातलं काही कळत नसणार, हे मंडळानं आधीच ठरवून टाकलेलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. त्यांचा एकच सिद्धांत आहे, आणि तो ते दर महिन्याला नव्यानं सापडल्यासारखा सांगतात. पुस्तक जसं लेखकाचं, तसा चित्रपट दिग्दर्शकाचा. नट म्हणजे नुसती माती. हे ते डोळे मिटून म्हणतात. ‘ऑत्यूर’, म्हणजे कर्ता, हा फ्रेंच शब्द उच्चारताना ओठांचा असा काही चंबू करतात की पहिली रांग आपोआप नम्र होते. पडद्यावर कोण काय करतंय, हे मात्र त्यांना फारसं दिसत नाही. चित्रपट चालू असताना ते भाषणाचे मुद्दे लिहीत असतात.

मागच्या वर्षी एक कृष्णधवल मराठी चित्रपट लावला. घर सोडून गेलेला नवरा बारा वर्षांनी परत येतो, एवढीच गोष्ट. त्या दिवशी माझी आईही आली होती. प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून चित्रपट मध्येच थांबवला. शाल झाली, नारळ झाला, मग पाहुण्यांचे दोन शब्द. वीस मिनिटं त्यातली बायको झालेली नटी पाहुण्यांच्या डोक्यामागं पडद्यावर अर्धवट तोंड उघडून थांबलेली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मातीच ती.

चित्रपट पुन्हा सुरू झाला. नवरा उंबऱ्याशी येतो, आणि पुढच्या क्षणी तो ताटावर बसून जेवतोय. भेट नाहीच.

शेवटी अध्यक्ष सर त्यावर पाऊण तास बोलले. “भेट दाखवलीच नाही! दुसऱ्या कुणी इथं रडारड घातली असती. हा माणूस झेप घेतो. असा संयम जगात तिघाचौघांकडंच आहे.” हॉलमध्ये ‘वा, वा’ झालं. पाहुण्यांनीही मान डोलावली. त्यांनी तर निम्मा चित्रपट बघितलाच नव्हता.

घरी येताना स्कूटीवर मागं बसलेली आई म्हणाली, “अगं, ते मधलं का काढलं त्यांनी?”

“कुठलं मधलं?”

“ती भाकरी करत असती की. आमी अणदूरला टीव्हीवर बघितला तवा होतं. लई वेळ चालतंय ते.”

“सर म्हणाले ना, भेट दाखवलीच नाही.”

“मग म्या काय सपनात बघितली व्हय?”

घरी आल्यावर इंटरनेटवर पूर्ण चित्रपट सापडला. आमच्या मंडळाची प्रत कुणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेली होती, आणि नेमकी तिथं टेप खराब झालेली. जगात तिघाचौघांकडंच असलेला संयम तो एवढाच.

त्या चार मिनिटांत कॅमेरा एका जागी उभा आहे. ती भाकरी थापतेय. उंबऱ्यात सावली पडते. ती वर बघत नाही, पण हात परातीवर थांबतो, बोटं तशीच पसरलेली. मग ती पुन्हा थापायला लागते, जरा जास्तच जोरात, आणि भाकरी फाटते. ती पीठ गोळा करते, पुन्हा मळते. शेवटी डब्यातून आणखी एक मूठ पीठ घेते. तो इथं जेवणार, हे तिनं ठरवलंय. माफ केलंय की नाही, ते कळत नाही.

मी तिचे आणखी दोन चित्रपट बघितले, दोन्ही वेगळ्या दिग्दर्शकांचे. एकात ती वाती वळत असते, दुसऱ्यात वर्गात खडू धरून उभी असते. दोन्हीकडं वाईट बातमी आधी बोटांना कळते, चेहऱ्याला नंतर. दिग्दर्शक तीन, सही एकच. भाकरीवाल्या दिग्दर्शकाचं श्रेय मी नाकारत नाही. कॅमेरा न हलवण्याची अक्कल त्याला होती, आणि तेवढीही फार थोड्यांना असते. पण त्याच्याच दुसऱ्या एका चित्रपटात तसाच उभा कॅमेरा आहे, पुढं दुसरी नटी आहे, आणि आपण घड्याळ बघतो.

दरम्यान सरांनी त्या झेपेवर लेख लिहिला. एका सेमिनारसाठी तो इंग्रजीत हवा होता. “तुझं इंग्रजी चांगलं आहे, बाळा. विचार माझे आहेत, तू फक्त शब्द घाल.” ती चार मिनिटं कधी नव्हतीच, हे आता माझ्या शब्दांत छापलं जाणार होतं. मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले आणि फोनवर त्यांना तो प्रसंग दाखवला.

त्यांनी चष्मा वर सारून बघितला. “हं. ही काटछाट दिग्दर्शकानंच नंतर केली असणार.”

“सर, टेप खराब आहे. आपल्या प्रतीत तिथं आवाजसुद्धा तुटतो.”

“मग आपली प्रत मूळ चित्रपटापेक्षा चांगली आहे. अगं, बाई भाकऱ्या करतेय. त्यात कला काय? माझ्या घरी रोज होतात.”

होताना कधी बघितल्यात का, हे मी मनातच विचारलं. कागद टीपॉयवर ठेवले, भाषांतर होणार नाही म्हणाले आणि निघाले.

संध्याकाळी ती चार मिनिटं मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सोबत एकच ओळ: आपल्या प्रतीत नसलेला प्रसंग. एकानं खाली गुलाबाचं चित्र टाकलं. मग सरांचा मेसेज आला: सदस्यांनी विषयाला धरून पोस्ट टाकाव्यात. पाठोपाठ फोन.

“बाळा, ते काढून टाक. सेमिनारचे लोक आहेत ग्रुपवर.”

“नाही सर.”

“नाही म्हणजे?”

“नाही काढणार.”

ते थांबले. मी आणखी काही बोलेन, निदान माफी मागेन, असं त्यांना वाटलं असावं. मी बोलले नाही. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

ग्रुपचे ॲडमिन तेच आहेत. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येतो, हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.