सहावं घर

बंदुकीच्या तेलाला एक कडसर, थंड वास असतो. तो आला की मला हमखास आठवते मालवणच्या खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची एक उतरती दुपार आणि पडवीत जुन्या धोतराच्या चिंध्या पसरून बसलेले माझे बाबा.

बाबा गोव्याच्या सरहद्दीवर कस्टमच्या नोकरीत होते. चोरटा माल पकडणाऱ्या माणसाला वैरी मिळायला कितीसा वेळ! म्हणून परवान्याचं एक रिव्हॉल्वर ते बाळगून असत. पुढे गोवा मुक्त झाला, सरहद्दीवरची नाकी उठली, बाबाही निवृत्त झाले. रिव्हॉल्वर तेवढं घरी आलं. त्या सुमारास मी शाळेत शिकवू लागले होते. एका रविवारी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं, तेव्हा मुलीच्या हाती शस्त्र नको म्हणून आई आतून म्हणाली, "चेडवाक ह्या कित्याक शिकवतास?"

"घरात आसा, म्हणान शिकवतंय," बाबा म्हणाले.

काय ती शिकवण! त्या शस्त्राचा चाप नुसता ओढला तरी घोडा आपोआप मागे जाई, सहा घरांची चकरी एक घर पुढे सरके आणि घोडा पडे. म्हणून बोट चापापासून दूर. नळी माणसाकडे कधीच नाही. खटका सरकवून चकरी डाव्या तळहातावर अलगद बाहेर घ्यायची. मग नळी आभाळाकडे करून चकरीच्या मधोमध असलेला, गोळ्या ढकलणारा दांडा एकदाच, पुरता दाबायचा, म्हणजे गोळ्या आपल्याच वजनानं ओंजळीत उतरतात. पुढे प्रत्येक घर डोळ्यांनी पाहायचं, करंगळीनं चाचपायचं. मिटतानाही चकरी हातानंच हळुवार बसवायची. सिनेमातल्यासारखा मनगटाचा झटका दिला तर तिचा कणा वाकतो. "आणि कोणी रिकामा आसा म्हटल्यान, तरी उघडून बघूचा," बाबा बजावत. "मी सांगलंय तरी."

वर्षं गेली; दर रविवारी ते उघडून तपासणं, पुसणं माझंच काम झालं. एका आश्विनात वाडीत पिसाळलेला कुत्रा फिरत होता, म्हणून बाबांनी रिव्हॉल्वर भरून ठेवलं. कुत्रा कुणीतरी मारला. आठवड्यानं परवान्याच्या नूतनीकरणासाठी ते कचेरीत दाखवायचं होतं. बाबांनी ते माझ्या हाती दिलं. "घे गो, रिकामा आसा. पुसून ठेव."

मी सवयीनं चकरी उघडली. पाच घरांतून पडवीचा उजेड आरपार येत होता. सहाव्यात पितळेची वाटोळी टिकली चमकत होती.

बाबांची चूक? ज्यांचा शब्द आमच्या घरात शेवटचा, त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी उघडी चकरी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे फिरवली, अगदी सहाव्या घरावर नजर रोखली आणि म्हणाले, "रिकामाच तर आसा गो."

मी त्यांची करंगळी धरून त्या घरावर टेकवली. विस्तव लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

मग मी विचारलं, "बाबा, तुमका दिसणा नाय?"

"गणेशचवथीपासून धुरकट दिसता," ते खाली मान घालून म्हणाले. "पाचच गोळये पडले. वाटला, एक आधीच काढून गोळयांच्या डब्यात घातलंय." आणि थांबून पुटपुटले, "आणि करंगळी घालूक कंटाळलंय बघ."

मी ती गोळी काढली. पण माझ्या मनात सल राहिला तो निराळाच. दर रविवारी सहा घरं डोळ्यांत तेल घालून न्याहाळणारी मी! समोर बसलेल्या दोन डोळ्यांत साय धरत होती, ती मला एकदाही दिसू नये? त्यांचा चहाचा कप चाचपत उचलणं, वर्तमानपत्र मला वाचायला सांगणं, हे सगळं मी म्हातारपणाचा लाड म्हणून सोडून दिलं होतं. माणसं जवळ असतात म्हणून आपण त्यांना पाहायचं सोडून देतो का?

दुसऱ्या दिवशी बाबांनी परवाना नवा केला नाही. रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा केलं, पावती घेतली आणि बाहेर पडताच माझा खांदा धरला. आयुष्यात प्रथमच. बाजाराच्या उतारावर म्हणाले, "माझ्यार इस्वास ठेवूक नाय, ता बरा केलंस."

मार्गशीर्षात त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगांचा चष्मा लावून दिला त्या सकाळी मी खाटेशी उभी होते. त्यांनी मला कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहिलं; इतकं सावकाश की मी अवघडले.

"गो," ते म्हणाले, "इतक्या बारीक कधी झालंस? माका कोणी सांगूक नाय."