लिस्बनचा भूकंप शिकवणाऱ्या मेहरुन्निसाबाई

बद्रीनाथ देवगाव रंगारीहून औरंगाबादेत शिकायला आला, तेव्हा इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पहिल्याच तासाला मेहरुन्निसाबाई म्हणाल्या, "माणसं कशी लढली ते तुम्हाला ठाऊक आहे. विचार कसा करत होती, ते आपण बघू." सतराशे पंचावन्न साली, ऐन सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये प्रार्थना करत असताना पोर्तुगालचं लिस्बन शहर भूकंपानं जमीनदोस्त झालं. देवानं असं कसं होऊ दिलं, यावर साऱ्या युरोपातले विद्वान कसे भांडले, हे बाई सांगत गेल्या. बद्रीनाथ लिहायचंच विसरला.

पुढं त्याला बाईंची हकीकत कळत गेली. त्या फुलंब्रीच्या. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा सोळा वर्षांच्या, आणि सगळं शिक्षण उर्दूतून. एकाएकी उर्दूचे दिवस सरले. वडील म्हणाले, "आता घरीच बस, बेटा." त्या म्हणाल्या, "अब्बा, जबान बदलली. डोकं तेच आहे." मराठी लिहायला शिकल्या, मग इंग्रजी, मग छावणीतल्या मिशनच्या एका सिस्टरकडून फ्रेंच. लिस्बनवरच्या प्रबंधासाठी पॅरिसच्या ग्रंथालयात वर्षभर बसून आल्या. "युरोपाचं आपल्याला काय करायचंय?" असं सहकारी विचारत. बाई हसून तासाला निघून जात. बद्रीनाथ त्यांच्याच हाताखाली घडला आणि त्यांच्याच विभागात नोकरीला लागला.

बाई निवृत्त झाल्या आणि त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून गावं झोपली होती. बद्रीनाथ विद्यार्थी घेऊन मदतीला निघाला, तर बाई जीपमध्ये आधीच येऊन बसलेल्या.

तिथल्या एका गावात दगडाबाई नावाची म्हातारी पत्र्याच्या शेडमध्ये बसून होती. लेक, सून, नातवंडं, सगळी दगडमातीखाली गेली होती. बाईंनी तिच्यापुढं ताट केलं. तिनं ते बघितलंही नाही.

"आमी असं काय पाप केलं व्हतं, बाई?"

बद्रीनाथनं चमकून बाईंकडं बघितलं. याच प्रश्नावर बाईंनी उभी हयात घालवली होती.

"पाप नाही, आक्का," बाई म्हणाल्या. "जमीन हालली. तिला माणसांचं काही ठाऊक नसतं."

दगडाबाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग मी भांडू कुणासंगं?"

बाईंनी ताट खाली ठेवलं. "माझ्यासंगं भांडा."

म्हातारीनं त्यांच्या खांद्यावर मुठी आपटल्या, शिव्या घातल्या, आणि शेवटी त्यांच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला. बाई जागच्या हलल्या नाहीत. तांब्या घेऊन उभ्या असलेल्या बद्रीनाथला पुढं व्हायची छाती झाली नाही.

घरी परतल्यावर बाईंनी आपल्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण काढलं. निसर्गाचे नियम सापडले आणि वाद मिटला, असं तिथं लिहिलं होतं.

"हे अर्धंच झालंय, बद्रीनाथ. विद्वानांचं मिटलं. ढिगाऱ्यापाशी बसलेल्यांचं काय झालं?"

लिस्बनच्या साध्या माणसांनी लिहून ठेवलेलं सगळं पोर्तुगीजमध्ये होतं. एकसष्टीच्या बाई पोर्तुगीज शिकायला बसल्या. काही वर्षांनी त्यांचं नवं पुस्तक आलं, मराठीत. बद्रीनाथला घेऊन त्या दगडाबाईकडं गेल्या आणि लिस्बनच्या एका पाववाल्याच्या विधवेची हकीकत तिला वाचून दाखवू लागल्या.

दगडाबाई जरा पुढं सरकली. "मंग? पुढं तिचं कसं झालं?"

बाईंनी पान उलटलं.